वेकबोर्डिंगच्या बोटीसाठी शिशाची वजने: ओतायची कशी, बांधायची कुठे

वेकबोर्डवरच्या, म्हणजे बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या फळीवरच्या माणसाला उडी घ्यायला बोटीमागे लाट हवी असते, आणि ती लाट किती उठेल हे बोट पाण्यात किती खोल बसते यावर ठरते. हलकी बोट वेग धरला की पाण्यावर वर येते आणि मागे चपटी, फेसाळ लाट सोडते. म्हणून बोटीत वजन घालतात: एकतर पंपाने भरायच्या पाण्याच्या पिशव्या, नाहीतर शिसे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एक लिटर शिसे म्हणजे ११.३४ किलो. सीटखालच्या खणात पाण्याची ४० लिटरची पिशवी कशीबशी कोंबावी लागते. तेवढेच वजन शिशाच्या रूपात साडेतीन लिटरच्या जागेत मावते. शिशाचा मोठेपणा एवढाच. गळती नाही, पंप नाही, वळणावर डचमळणे नाही.

पण दोघांत एक मोठा फरक आहे आणि तो आधी समजून घ्यायला हवा. बोटीत पाणी भरू लागले तर पाण्याच्या पिशवीचे वजन पाण्याखाली जवळजवळ शून्य होते. शिशाचे तसे नाही. १५० किलो शिसे समुद्राच्या पाण्याखालीही सुमारे १३६ किलो वजनाने बोटीला खाली ओढत राहते. बोटीच्या पोटात भरलेला तरंगता फोम बोट, इंजिन आणि माणसे यांचा हिशेब करून भरलेला असतो; तुम्ही नंतर घातलेले शिसे त्या हिशेबात नाही. म्हणून नियम एकच: जे वजन एकट्या माणसाला चटकन सोडवून, उचलून काठावरून पाण्यात टाकता येणार नाही, ते बोटीत ठेवू नका. एक वजन २० किलोच्या आत, प्रत्येकाला दोरी, आणि प्रत्येक पट्टा एका झटक्यात सुटणारा. साच्याचे माप काय आणि वजने कुठे बसवायची, हे पुढे जे दिले आहे ते सगळे या नियमावरून ठरले आहे.

किती वजन घालायचे

बोटीवरच्या क्षमतेच्या पट्टीपासून, म्हणजे बोट जास्तीत जास्त किती वजन वाहू शकते ते जिच्यावर लिहिलेले असते तिच्यापासून, सुरुवात करा. समजा पट्टीवर ८०० किलो आहे. पाच माणसे ७५ किलोप्रमाणे ३७५, टाकीतले १०० लिटर पेट्रोल सुमारे ७४, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बोर्ड मिळून ४०. उरले ३११. यातला निम्मा भागच शिशाला द्या, म्हणजे साधारण १५० किलो. काही पट्ट्यांवर इंधन आधीच वजा केलेले असते, काहींवर नसते. तुम्ही ते धरूनच चाला. पट्टी निघून गेली असेल किंवा वाचता येत नसेल तर बोट बनवणाऱ्याच्या कागदपत्रांत किंवा सर्वेक्षणाच्या प्रमाणपत्रात आकडा सापडतो. बोट भाड्याने चालवत असाल तर सर्व्हेअरला विचारल्याशिवाय कायमचे वजन घालू नका; प्रमाणपत्र बोटीच्या आहे त्या स्थितीला दिलेले असते.

वीस-एकवीस फुटी बोटीला दर सेंटीमीटर खोल बसायला ७५ ते ८० किलो लागतात. म्हणजे १५० किलोने बोट उभी असताना जेमतेम दोन सेंटीमीटर खाली जाते. हे ऐकून ‘एवढेच?’ म्हणून वजन वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. चालत्या बोटीत या दोन सेंटीमीटरचा परिणाम लाटेवर स्पष्ट दिसतो, आणि मागच्या फळीची पाण्यापासूनची उंची ही मुंबईच्या बंदरात, जिथे लाँच आणि बार्ज सतत लाटा उठवत जातात, पहिली जपायची गोष्ट आहे.

वितळवायलाच हवे का

बहुतेकांना नको. शुद्ध शिशाच्या विटा साधारण २५ किलोच्या मिळतात; गुलालवाडी आणि कीका स्ट्रीटच्या धातूबाजारात चौकशी करा. अशी वीट हातकरवतीने कापून दोन तुकडे करायचे, रंगवायचे, जाड ताडपत्रीची पिशवी शिवून तिला पट्टा लावायचा, काम झाले. शिसे मऊ असते, मोठ्या दातांच्या करवतीने कापता येते. पात्याला मेण चोळा म्हणजे दात भरत नाहीत. कापताना खाली कागद पसरा आणि कीस ओल्या फडक्याने गोळा करा.

दुसरा मार्ग छर्‍यांचा. शिशाचे छर्रे पिशवीत भरले की एका लिटरला साडेसहा-सात किलो बसतात, कारण मध्ये हवा राहते. दहा किलोची पिशवी दीड लिटरची होते, खणाच्या कोपऱ्यात हवी तशी दबून बसते आणि फायबरला ओरखडा काढत नाही. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर कॅनव्हास, शिवण दुहेरी आणि नायलॉनच्या दोऱ्याने. फाटली तर छर्रे बिल्जपंपात, म्हणजे बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या पंपात, जातात, म्हणून दर हंगामाला शिवण तपासा.

इमारतीत राहणाऱ्यांनी या दोन मार्गांपैकीच एक घ्यावा. गच्ची, गॅलरी, जिन्याखालची जागा, सोसायटीचे पार्किंग यांपैकी कुठेही शिसे वितळवायचे नाही. वाफेपेक्षाही मोठा धोका मागे राहणाऱ्या धुळीचा आहे. ती फरशीवर बसते, चपलेला लागते, रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका हीच आहे.

ज्यांच्याजवळ बोटयार्डातली किंवा शेडबाहेरची मोकळी जागा आहे, भंगारातले शिसे आहे आणि ठरावीक मापाची सात-आठ वजने हवी आहेत, त्यांच्यासाठी पुढचे.

कोणते शिसे घ्यावे

जुन्या नळकामाचे शिसे, केबलच्या वेष्टनाचे शिसे, एक्स-रे खोलीचे पत्रे ही उत्तम. नखाने ओरखडा उठतो ते मऊ, जवळजवळ शुद्ध शिसे. ओरखडा उठत नसेल तर त्यात अँटिमनी मिसळलेले आहे. तेही चालते, फक्त वजन थोडे कमी भरते.

कुर्ल्याच्या किंवा दारुखान्याच्या भंगारातून आणलेला माल ओतण्यापूर्वी एकेक तुकडा हातात घेऊन पाहा. चेपलेला नळ, दुमडलेला पत्रा, दोन्ही तोंडे बंद झालेला तुकडा करवतीने उघडा. आत पाणी असते. केबलच्या वेष्टनाला आतून तेलकट कागद चिकटलेला असतो, तो पूर्ण काढा. मासेमारीच्या जाळ्याची शिशे घेत असाल तर सुतळी काढा, गोड्या पाण्यात दोनदा भिजवून मीठ काढा आणि चांगले आठ-दहा दिवस उन्हात वाळवा.

गाडीच्या चाकाला लावतात ती वजने आजकाल बरीचशी जस्ताची किंवा लोखंडाची असतात. जस्तावर बहुधा ‘झेडएन’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळते, शिसे ३२७.५ ला. भांडे ३७० च्या खाली ठेवले तर जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. एकदा का ते वितळून मिसळले की रस कण्यांच्या भातासारखा गिचगिचीत होतो, साच्यात नीट पसरत नाही, आणि ती घाण सुधारायचा घरगुती उपाय नाही.

बॅटरीच्या प्लेटा कधीही नाहीत. त्यांत आम्ल असते, शिशाचा मोठा भाग धातूच नसतो, आणि वितळवताना व नंतर मळी (रसावर जमणारी राख) ओली झाली तर आर्सेनिक व अँटिमनीचे विषारी वायू सुटू शकतात. शिवाय बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी दुकानदाराकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यायची असते. फोडायची नसते.

हंगाम आणि जागा

मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा, सकाळी दहानंतर. पावसाळ्यात मुळीच नाही, आणि जूनच्या तोंडावर मे अखेरीसही नाही. कारण एकच, पाणी. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब अडकला तर त्याची वाफ सोळाशे पटींहून जास्त जागा मागते आणि वरचे शिसे कारंज्यासारखे उडवते. आपल्याकडच्या हवेत वरून कोरडे दिसणारे लोखंड आणि शिसे कोरडे असेलच असे नाही. पहाटे धातूवर दव धरते. गॅसच्या ज्योतीवर थंड साचा धरला तर आधी त्यावर घाम सुटतो, कारण ज्योतीतूनच वाफ निघते. तो घाम पूर्ण उडून जाऊन साचा चांगला तापेपर्यंत थांबायचे.

उघड्यावर, पण छप्पर असेल अशी जागा सर्वांत बरी. वारा पाठीवरून नको, एका बाजूने हवा. पाठीवरून आला तर अंगापुढे भोवरा होऊन धूर तोंडाशी फिरतो. जमीन कोब्याची असेल तर तिच्यावर सरळ काम करू नका. सांडलेले शिसे काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ करते आणि खपली उडते. जाड लोखंडी पत्रा टाका, त्यावर दोन बोटे रेती. ही रेती आधी कढईत भाजून घ्या. चौपाटीची वाळू आणू नका, ती खारट असते आणि हवेतला ओलावा ओढत राहते.

सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच आहे. भट्टीपासून निदान तीन मीटर लांब, नळी जमिनीवरून जाणार नाही अशी. केटरर्सकडची हाय-प्रेशर शेगडी चालते, पण तिची पायांची चौकट ४० किलो तापलेल्या वजनाची नसते, १० मि.मी. सळ्यांची किंवा अँगलची वेगळी तिवई वेल्ड करून घ्या आणि ती हलवून पाहा. काम चालू असताना तिवई कलंडणे हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत वाईट अपघात आहे.

भांडे, पळी, साचा

भांडे लोखंडाचेच. आठ इंची जाड नळाचा २० सें.मी. उंचीचा तुकडा घ्या, खाली ६ मि.मी. प्लेट, आतून-बाहेरून दोन्हीकडे वेल्ड, दोन कड्या. यात पूर्ण भरले तर सत्तर किलोवर शिसे मावेल, पण भरायचे फक्त २५ ते ३० किलो. रसाची उंची सात-आठ सें.मी. राहते आणि ढवळताना काठ लांब असतो. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नका. या तापमानाला ते लिबलिबीत होते आणि तळ देतो. बिडाची जुनी कढई तडकू शकते. जस्ताचा मुलामा दिलेले जीआय काहीही नको, ना भांडे, ना पळी, ना साचा. आणि यातली कोणतीही वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा.

पळी सुमारे ३०० मि.लि.ची, म्हणजे तीन किलो शिशाची, दांडा ६० सें.मी. लांब. मळी काढायला भोकांचा झारा. तापमानाला के-टाइप प्रोबचा डिजिटल थर्मामीटर घ्या. पिस्तुलासारखा दुरून मोजणारा घेऊ नका. चकचकीत शिशावर तो खरे तापमान कितीतरी कमी दाखवतो आणि माणूस विनाकारण आच वाढवतो.

साचा ३ मि.मी. लोखंडी पत्र्याचा. तळाशी आतून २९ × ११ सें.मी., पाच सें.मी. उंचीवर ३० × १२, एकूण खोली ६ सें.मी. बाजूंचा हा उतार विसरलात तर वजन साच्यातून निघणार नाही. पाच सें.मी. भरल्यावर यात १९ किलो बसते. त्यात दोन टोकांना, काठापासून ५ सें.मी. आत, ३१६ स्टेनलेसच्या एक इंची नळाचे ५.५ सें.मी. उंचीचे दोन तुकडे उभे करायचे. ते शिशातच कायम राहतात. त्यांतून १२ मि.मी. पॉलिएस्टर दोरी ओवली की उचलायचा कडा तयार, आणि पट्टाही त्याच भोकातून जातो. हे नळ जागा घेतात म्हणून वजन सुमारे १८ किलो भरते. ओतताना नळात शिसे शिरू नये म्हणून भाजलेली रेती दाबून भरा.

काही जण शिशात वाकवलेली सळी रोवून वर कडी ठेवतात. आम्ही ती सुचवत नाही. बोटीत उभा राहणारा कडीला ठेचकाळतो आणि वजने एकावर एक बसत नाहीत.

साच्याला आतून काजळी धरवा. रॉकेलच्या चिमणीवर किंवा मेणबत्तीवर फिरवला की पातळ काळा थर बसतो आणि शिसे चिकटत नाही. तेल, ग्रीस काही लावू नका. धूर होतो आणि खाली फुगे धरतात.

अंगावर काय

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड सुती पँट, चामड्याचे बूट, पँटचे पाय बुटांच्या वरून. नायलॉन-टेरिकॉट अंगावर वितळते. वेल्डरचा चामड्याचा एप्रन आणि लांब हातमोजे, पूर्ण चेहऱ्याची काच. श्वासासाठी पी१०० गाळणीचा अर्धा मास्क, नाकाजवळ घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो बसत नाही. कापडी मास्क किंवा रुमाल या कामी निरुपयोगी आहे. हे सगळे नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत एका फेरीत मिळते.

बिडी, तंबाखू, चहा, वडापाव काहीही कामाच्या जागी नाही. काम संपेपर्यंत तोंडाला हात लावायचा नाही. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया त्या जागेच्या आसपासही नकोत. दोघांनी काम करावे: एक ओतणारा, दुसरा गॅसच्या नळीवर आणि आजूबाजूला लक्ष ठेवणारा. जवळ ड्राय पावडरचा अग्निशामक आणि कोरड्या रेतीची बादली. पाण्याची बादली भट्टीपासून दूर, भाजले तर हात धुवायला. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते पाणी, मग डॉक्टर.

वितळवणे आणि ओतणे

थंड भांड्यात थंड शिसे रचून मगच गॅस पेटवा. शिसे वितळू लागले की भांड्याच्या काठावर पुढचे तुकडे तापत ठेवा. वितळलेल्या रसात गार तुकडा थेट कधी टाकू नका. काठावर निदान दहा-पंधरा मिनिटे तापलेला, कडकडीत कोरडा तुकडाच चिमट्याने हळूच आत सरकवा. पळी आणि झाराही आधी तापवून मगच रसात बुडवा.

सारे वितळले की तापमान ३६० ते ३८० अंशांवर आणा. चारशेच्या वर काही मिळत नाही; फक्त मळी वाढते आणि धूर वाढतो. वरचा पृष्ठभाग पुसताच पुन्हा सोनेरी, जांभळा, निळा असा झाक धरू लागला तर आच जास्त आहे. आता मटराएवढा मेणाचा तुकडा टाका. त्याचा धूर होईल, तो लगेच काडीने पेटवा म्हणजे तोंडाशी धूर येत नाही. लोखंडी सळीने तळापासून ढवळा. मेणाने वरच्या ऑक्साइडमधले बरेच शिसे परत रसात येते आणि राखेसारखी करडी मळी सुटी होते. ती झाऱ्याने काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. झारा भांड्याच्या काठावर आपटू नका. त्याने भुकटी उडते.

साचा १५० अंशांच्या आसपास तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकून बघायचा मोह आवरा. प्रोब लावून बघा. साचा सपाट बसलाय का, रेतीत रुतून एका बाजूला कललाय का, ते लेव्हलने पाहा, नाहीतर वजन पाचराच्या आकाराचे होते.

आता ओता. सहा-सात पळ्या, न थांबता, एका मिनिटाच्या आत. धार साच्याच्या मध्यावर, कमी उंचीवरून. पहिल्या दोन पळ्या हळू, म्हणजे नळाचे तुकडे हलत नाहीत, मग झरझर. मध्येच थांबलात तर खालचा थर गोठतो आणि वरचा त्याला चिकटत नाही. बोटीत घालायचे वजन त्याने तुटणार नाही, पण त्या फटीत खारे पाणी शिरते आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

मग साच्याला हात लावायचा नाही. पाच मिनिटांत वरून घट्ट दिसते, आत अजून रस असतो. अठरा किलोचा गठ्ठा निवायला तास तरी धरा, आणि पाणी ओतून निववू नका. शिसे गोठताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून मध्यभागी खळगा पडतो. खळगा म्हणजे दोष नाही. वजन बसवताना ती बाजू खाली ठेवा म्हणजे त्यात पाणी साचत नाही. साचा उलटा करून लाकडी हातोडीने तळावर ठोका. काजळी नीट असेल तर वजन आपोआप सुटते.

काय बिघडते ते थोडक्यात. कडांना सुरकुत्या पडल्या तर साचा थंड होता. पृष्ठभागावर बारीक भोके असतील तर काजळी जाड होती किंवा ओल होती. दुसऱ्या कारणाची शंका आली तर काम तिथेच थांबवून साचा पुन्हा तापवा. नळाच्या भोवती फट राहिली तर नळ गार होते; पुढच्या वेळी ते साच्याबरोबरच तापवा. नळात शिसे शिरले असेल तर रेती नीट दाबली नव्हती, १२ मि.मी. ड्रिलने अगदी हळू फिरवून काढा. बिघडलेले वजन फेकायचे नाही, कापून पुन्हा भांड्यात.

रंग आणि वेष्टन

कडा गोल करायला रंधा किंवा मोठी कानस वापरा, खाली ओला कागद. ग्राइंडर आणि कोरडा पॉलिशपेपर वर्ज्य. ती धूळ हवेत तरंगत राहते. पृष्ठभाग ओल्या पॉलिशपेपरने खरखरीत करा, थिनरने पुसा, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लावा. दुसऱ्या दिवशी दोन घटकांच्या एपॉक्सी रंगाचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. पांढरा किंवा पिवळा रंग घ्या, कारण अंधाऱ्या खणात तो दिसतो. वजनकाट्यावर तोलून प्रत्येकावर खरे वजन लिहा: १७.८, १८.३ असे जे असेल ते. जोड्या लावताना त्याचा उपयोग होतो.

रंगावर पीव्हीसी लेपाच्या जाड ताडपत्रीची पिशवी शिवली तर फारच उत्तम. ॲल्युमिनियमच्या बोटीत ती हवीच. खाऱ्या पाण्यात शिसे ॲल्युमिनियमला टेकले तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तिथे खाली रबराची जाड मॅटही घाला.

बोटीत कुठे आणि कसे

वजन बोटीच्या तळातल्या लांब पट्ट्यांवर, म्हणजे स्ट्रिंजरवर, बसायला हवे, दोन स्ट्रिंजरच्या मधल्या पातळ सालीवर नाही. वेगात लाटेवर बोट आपटते तेव्हा अठरा किलोचा धक्का त्याच्या कितीतरी पटीने लागतो. खाली १० मि.मी. रबर, वर दोन भोकांतून २५ मि.मी. रुंदीचा पट्टा, पट्टा स्ट्रिंजरला आरपार बोल्टने लावलेल्या पॅड-आयला, म्हणजे सपाट बैठकीच्या कडीला. लाकडात बसवायचे स्क्रू पुरत नाहीत. पट्ट्याचे बकल झटक्यात सुटणारे असावे आणि ते सीटची गादी उचलली की समोर दिसावे. बिल्जपंप, त्याकडे जाणारी पाण्याची भोके आणि ड्रेन प्लग मोकळे ठेवा.

सुरुवात दोन जोड्यांनी करा, मधल्या भागात, डावीकडे-उजवीकडे समान. वजन मागे सरकवले तर लाट उभी आणि तीव्र होते, पुढे सरकवले तर लांब, सौम्य उताराची होते. पुढच्या उघड्या बैठकीच्या बोटीत नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, वजन नेणे टाळा. वेग कमी करताना नाळ लाटेत घुसते आणि पाणी थेट आत येते. सगळे वजन मागच्या फळीशी ठेवणे तितकेच वाईट: बोट प्लेनवर यायला, म्हणजे वेग धरून पाण्यावर वर उचलली जायला, वेळ घेते आणि अचानक थांबलात की स्वतःचीच लाट मागून आत चढते.

चाचणी सकाळी घ्या, खारा वारा सुटण्याआधी. उभ्या बोटीला पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावा; मागच्या फळीपाशी किती उंची शिल्लक आहे ते मोजा. मग दर जोडीनंतर तीन गोष्टी लिहा: प्लेनवर यायला किती सेकंद, ताशी ३० ते ३७ किलोमीटरला लाट कशी, आणि पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती. आरपीएम इंजिन बनवणाऱ्याने दिलेल्या कक्षेच्या खाली गेला तर इंजिनावर ताण पडतो आहे. एकतर वजन कमी करा, किंवा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला कमी अंतर पुढे ढकलणारा, पंखा लावा. एक इंच पिच कमी केला की आरपीएम १५० ते २०० ने वाढतो. तीन-चार जोड्यांनंतर लाटेत फरक दिसेनासा होतो. तिथे थांबा, क्षमतेत जागा उरली असली तरी.

एकदा धक्क्याजवळ, उथळ पाण्यात, घड्याळ लावून पाहा: एका माणसाला सगळे पट्टे सोडून सगळी वजने काठापर्यंत आणायला किती वेळ लागतो. आठ वजनांना दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर जागा किंवा बकल बदला.

ट्रेलरवर बोट चढवण्यापूर्वी वजने काढून गाडीच्या डिकीत ठेवा. ट्रेलरच्या धुरा बोटीच्या वजनाच्या हिशेबाने असतात आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे स्ट्रिंजरला समुद्रापेक्षा वाईट झोडपतात. पावसाळ्यात बोट वर काढली की वजनेही बाहेर काढा, गोड्या पाण्याने धुवा, रंग उडाला असेल तिथे पुन्हा लावा.

आवराआवर

मळीचा डबा, कीस, ओली फडकी, पॉलिशपेपर, सारे एका झाकणबंद डब्यात भरून त्यावर ‘शिसे, विषारी’ असे लिहा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या शिसे पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या. पालिकेच्या कचऱ्यात नाही, गटारात नाही, खाडीत तर नाहीच. सांडलेल्या रेतीतले शिसे वेचून घ्या, उरलेली रेतीही त्याच डब्यात. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, नखे ब्रशने. कपडे आणि बूट तिथेच पिशवीत बंद करा आणि घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका. घरी आल्यावर मुलांना उचलण्याआधी डोक्यावरून आंघोळ. वर्षात एकापेक्षा जास्त वेळा ओतकाम करत असाल तर रक्तातले शिसे तपासून घ्या. ही चाचणी मुंबईतल्या मोठ्या प्रयोगशाळांत होते. पहिले ओतकाम करण्यापूर्वी एकदा करून ठेवली तर नंतरच्या आकड्याशी ताडून पाहता येते.